स्टेंटची कल्हई

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली 'म्हणजे', 'तर', 'ओके' यांची गर्दी थोडी कमी केली आहे. बाकी जवळपास जसंच्या तसं.)

मागच्या भागात आपण अँजिओप्लास्टीची सुरुवात कशी झाली ते बघितलं. त्यावर जे मेसेज आले, त्यात एक प्रश्न परत परत होता. "बाबांना स्टेंट बसवला. ब्लॉकेज गेलं, रिपोर्ट चांगले आहेत. मग रक्त पातळ करायच्या दोन-दोन गोळ्या वर्षभर कशाला? त्यातली एक बंद केली तर?"

आधी सरळ उत्तर देतो. स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांनी स्टेंट बसवला त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. पण हे 'वर्षभर' आलं कुठून, याची गोष्ट मला फार आवडते. ती स्टेंटच्या धातूची नाही, धातूवर चढवलेल्या एका अतिशय पातळ थराची आहे.

पितळेच्या भांड्याला कल्हई करतात हे तुमच्यापैकी किती जणांनी प्रत्यक्ष बघितलंय माहीत नाही. आजीला विचारा. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते. भांडं तेच असतं, पदार्थही तोच. मधला कथलाचा पातळ थर गेला की दोघांचं जमत नाही. स्टेंटचंही तसंच आहे. फक्त इथे आंबट ताकाच्या जागी रक्त आहे, आणि रक्ताइतका संशयी पदार्थ दुसरा नाही.

रक्त नळीत वाहतं तेव्हा ते नळीला जवळजवळ कधीच शिवत नाही. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं एक पदरी अस्तर असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात. हे अस्तर सतत नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडत असतं, म्हणजे प्लेटलेट्सना 'इथे काही झालेलं नाही, पुढे चला' असं सांगत असतं. अस्तर फाटलं किंवा परकी वस्तू लागली की निरोप बदलतो. जोसेफ लिस्टर, तोच शस्त्रक्रियेत जंतुनाशक आणणारा, त्याने १८६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत यावरच व्याख्यान दिलं होतं: रक्त गोठतं ते परक्या पदार्थाच्या स्पर्शाने. प्रश्न एवढा जुना आहे.

पण स्पर्श झाल्यावर नेमकं होतं काय? इथे मला एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. लिओ व्रोमान. डच माणूस. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत होता, नंतर अमेरिकेत ब्रुकलिनला रक्तावर संशोधन करत राहिला. नेदरलँड्समध्ये मात्र लोक त्याला ओळखतात ते मोठा कवी म्हणून. तर या कवीने १९६२ पासून दाखवत नेलं, की परक्या पृष्ठभागाला रक्त लागलं की आधी प्लेटलेट्स येत नाहीत. आधी येतात प्रोटीन्स, तेही क्षणार्धात. आणि ती जागेवर टिकत नाहीत.

विरार लोकलचा डबा डोळ्यांसमोर आणा. दार उघडताच चपळ मंडळी आत घुसून सीट पकडतात. रक्तात ते काम अल्ब्युमिन करतं, कारण त्याची संख्या सगळ्यात जास्त. मग मागून दांडगे लोक येतात आणि आधीच्यांना उठवून स्वतः बसतात. त्यात एक असतं फायब्रिनोजेन. प्लेटलेट्सच्या अंगावर फायब्रिनोजेन पकडणारे हूक असतात, त्यामुळे जिथे फायब्रिनोजेन ठाण मांडून बसलं तिथे प्लेटलेट्स चिकटतात, त्यांच्यावर आणखी चिकटतात, आणि गुठळी होते. या सीट बदलण्याला आज 'व्रोमान इफेक्ट' म्हणतात. हे लक्षात ठेवा. कोटिंगची सगळी लढाई एका अर्थाने पहिल्या सीटवर कोण बसणार याची आहे.

आता स्टेंटकडे. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंट्झिगने पहिल्यांदा हृदयाच्या धमनीत फुगा फुगवला, ते मागच्या भागात झालं. फुग्याने वाट मोकळी व्हायची, पण कधी धमनीची भिंत आतल्या आत फाटून लगेच बंद व्हायची, कधी काही महिन्यांत परत आकसायची. म्हणून आत टेकू ठेवायची कल्पना आली. २८ मार्च १९८६ ला फ्रान्समध्ये तुलूझला झाक प्युएल यांनी हृदयाच्या धमनीत पहिला स्टेंट बसवला. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये लोझानला उलरिख सिगवार्टही तेच करत होते. जाळीदार, स्प्रिंगसारखा, आपोआप उघडणारा स्टेंट. नुसता धातू.

पहिली एक-दोन वर्षं सगळे खूश होते. मग हिशोब झाला. १९९१ मध्ये रॉटरडॅमच्या पॅट्रिक सेरॉइस आणि सहकाऱ्यांनी पहिल्या १०५ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या २५ जणांचा स्टेंट पूर्ण बंद पडला होता, आणि बहुतेकांचा पहिल्या चौदा दिवसांत. विचार करा. शंभरातले २४. धमनी उघडी ठेवायला आत टाकलेली वस्तूच ती बंद करत होती. माझ्या मते हा अहवाल या सगळ्या इतिहासातला सगळ्यात प्रामाणिक कागद आहे. तो छापणाऱ्यांनीच ते स्टेंट बसवले होते.

मग काय केलं? रक्तच पातळ केलं, आणि भरपूर केलं. ॲस्पिरिन, डायपिरिडॅमोल, डेक्स्ट्रान, हेपरिन, वॉरफेरिन. पेशंट एका बाजूने गुठळीपासून वाचायचा आणि दुसऱ्या बाजूने जांघेतून रक्तस्राव व्हायचा, कारण तेव्हा नळी जांघेतूनच घालत. १९९४ ची 'बेनेस्टेंट' नावाची युरोपीय चाचणी स्टेंटसाठी मोठा विजय मानली जाते, आणि ती आहेच. पण त्यातला एक आकडा लोक विसरतात: नुसत्या फुग्याचा पेशंट सरासरी ३.१ दिवसांत घरी जायचा, स्टेंटवाल्याला ८.५ दिवस लागायचे. रक्त पातळ केल्याची ती किंमत होती.

इथे कोणाच्या तरी डोक्यात साहजिकच आलं, की सगळं रक्त कशाला पातळ करायचं? स्टेंटलाच औषधाचा लेप देऊ.

लेप कशाचा? हेपरिनचा. हेपरिन हे गुठळी होऊ न देणारं औषध, १९१६ साली बाल्टिमोरमध्ये जे मॅक्लीन नावाच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याच्या हाती कुत्र्याच्या यकृतातून लागलं. तुमच्या-माझ्या वयाचाच होता तो. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्यातून काढतात. अडचण अशी, की हेपरिन धातूला चिकटवलं तर ते आडवं पडतं आणि त्याचा कामाचा भाग खाली दबतो. यावर स्वीडनच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात तोड काढली. हेपरिनच्या साखळीचं फक्त एक टोक खालच्या पॉलिमरच्या थराला बांधायचं आणि बाकीची साखळी रक्तात मोकळी सोडायची. काठीला बांधलेल्या पताकेसारखी. ती फडफडत राहते आणि रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिनला कामाला लावते. औषध झिरपत नाही, संपत नाही. पृष्ठभागच औषध होतो.

हा लेप दिलेला स्टेंट सेरॉइस यांच्या गटाने 'बेनेस्टेंट-२' च्या प्राथमिक चाचणीत दोनशेच्या आसपास रुग्णांना बसवला. १९९६ मध्ये निकाल आला. बंद पडलेले स्टेंट: शून्य.

तुम्हाला वाटेल, झालं, जिंकलो. पण इतिहास असा सरळ जात नाही. त्याच सुमारास इटलीत मिलानला अंतोनिओ कोलोंबो धमनीच्या आत अल्ट्रासाऊंडची नळी घालून बघत होते. त्यांना दिसलं, की बरेच स्टेंट नीट उघडलेलेच नसतात. काही तारा भिंतीला न टेकता मध्येच लोंबकळतात आणि रक्त त्यांच्यावर आपटून घुटमळतं. त्यांनी जास्त दाबाने फुगा फुगवून स्टेंट भिंतीला पक्का दाबला, वॉरफेरिन काढून टाकलं आणि प्लेटलेट्सना आवरणाऱ्या साध्या गोळ्या दिल्या. गुठळ्या एकदम कमी झाल्या. मग जर्मनीतून १९९६ मध्ये आणि अमेरिकेतून १९९८ मध्ये मोठ्या तुलना आल्या: ॲस्पिरिन आणि टिक्लोपिडिन या दोन गोळ्या वॉरफेरिनपेक्षा सरस. तुमच्या घरातली ती दोन गोळ्यांची जोडी इथून आली. टिक्लोपिडिनची जागा पुढे क्लोपिडोग्रेलने घेतली, आता कुठे टिकाग्रेलॉर असते.

म्हणजे हेपरिनची कल्हई हरली नाही. तिच्याशिवाय भागतंय हे कळलं, एवढंच. मला हे जरा चुटपुट लावून जातं.

त्या काळात लेपांचे आणखीही प्रयोग झाले. सोन्याचा मुलामा दिला, कारण सोनं एक्स-रेत छान दिसतं आणि कशाशी रासायनिक भांडत नाही. २००० च्या आसपास कळलं, की सोन्याच्या मुलाम्याने धमनी उलट जास्त आकसते. ब्रिटनच्या डेनिस चॅपमन यांची वाट वेगळी होती. ते म्हणाले, रक्ताला जे ओळखीचं आहे त्याचीच नक्कल करू. तांबड्या पेशीच्या बाहेरच्या पापुद्र्यावर फॉस्फोरिलकोलिन असतं आणि त्याला रक्त हात लावत नाही, घरचाच समजतं. मग त्याचाच पॉलिमर करून स्टेंटला लावला. हाच पॉलिमर कॉन्टॅक्ट लेन्समध्येही आहे. याची आठवण ठेवा, तो परत येणार आहे.

आता दुसरा शत्रू. गुठळीचं प्रकरण आटोक्यात आलं, पण साधारण चौथ्या-पाचव्या रुग्णाची धमनी सहा-आठ महिन्यांत परत अरुंद व्हायची. ही गुठळी नव्हती. जखमेवर मांस वाढतं ना, तसं धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी वाढून जाळीतून आत यायच्या. त्यांना थांबवायला पेशींची वाढ रोखणारं औषध हवं, आणि ते नेमकं तिथेच, हळूहळू, महिनाभर झिरपायला हवं. गुळगुळीत स्टीलवर ते टिकेल कसं? त्याला धरून ठेवायला पॉलिमर लागणार. म्हणजे प्लास्टिक.

आणि इथे एक इशारा हजर होता. १९९६ मध्येच रॉटरडॅमच्या व्हिलेम व्हान डर गीसन आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी आठ वेगवेगळे पॉलिमर डुकरांच्या हृदयाच्या धमन्यांत ठेवून पाहिले. पाच विरघळणारे, तीन न विरघळणारे. आठच्या आठ पॉलिमरनी जोरदार दाह केला. ज्यांची प्रयोगशाळेत 'शरीराला चालणारे' म्हणून ख्याती होती तेही त्यातच.

तरी लोक थांबले नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही. हाताशी औषधच तसं आलं होतं. रॅपामायसिन, म्हणजेच सिरोलिमस. १९६४ मध्ये एक कॅनडियन मोहीम ईस्टर बेटावर गेली, तिने आणलेल्या मातीतल्या जंतूपासून हे औषध मॉन्ट्रियलमध्ये वेगळं केलं गेलं, आणि ते करणाऱ्या गटाचे प्रमुख होते सुरेंद्रनाथ सहगल. कंपनीने १९८३ ला ती प्रयोगशाळा बंद केली तेव्हा सहगलांनी तो जंतू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. या गोष्टीवर अख्खा भाग होऊ शकतो, तो मी करणार आहे, म्हणून आज इथेच थांबतो.

डिसेंबर १९९९ मध्ये ब्राझीलला साओ पाउलोत एदुआर्दो सोउझा यांनी सिरोलिमस लावलेला पहिला स्टेंट बसवला. २००१ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत 'रॅव्हेल' चाचणीचे आकडे आले. २३८ रुग्ण. साध्या स्टेंटमध्ये सहा महिन्यांत परत अरुंद झालेल्या धमन्या २६.६ टक्के. औषधवाल्या स्टेंटमध्ये शून्य. वैद्यकात शून्य हा आकडा फार क्वचित दिसतो. दिसला की टाळ्या वाजतात, आणि वाजल्या. 'सायफर' नावाने हा स्टेंट २००२ मध्ये युरोपात आणि २००३ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. मागोमाग पॅक्लिटॅक्सेलवाला 'टॅक्सस' आला.

सायफरचा अंगरखा कसला होता? खाली पॅरिलीनचा पाया. त्यावर दोन प्लास्टिकच्या मिश्रणात कालवलेलं औषध. एक प्लास्टिक ब्युटाइल मेथाक्रिलेट जातीचं, दुसरं ईव्हीए जातीचं. ईव्हीए म्हणजे तुमच्या चपलेच्या आणि शूजच्या मऊ सोलमध्ये असतं ना, त्याच कुळातलं. स्टेंटमधलं अर्थात कितीतरी शुद्ध. सगळ्यात वर आणखी एक थर, औषध एकदम सुटू नये म्हणून. सगळा मिळून थर साधारण १२ मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या पाच-सहा हिश्श्यांतला एक. औषधातलं बहुतेक महिनाभरात सुटून जायचं. प्लास्टिक मात्र जन्मभर तिथेच. पाहुणा गेला, पण त्याचा पसारा कायमचा हॉलमध्ये.

आणि औषधाची दुसरी बाजू अशी, की ते स्नायूपेशींना रोखतं तसं अस्तराच्या पेशींनाही रोखतं. साध्या स्टेंटवर काही आठवड्यांत एंडोथेलियमचं नवं अस्तर चढायचं आणि तो झाकला जायचा. औषधवाला कितीतरी काळ उघडाच. उघडा, आणि अंगावर परकं प्लास्टिक.

२००४ मध्ये दोन गोष्टी छापून आल्या. 'लॅन्सेट'मध्ये मॅकफॅडन आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची हकिकत दिली. औषधवाले स्टेंट बसवून ३३५ ते ४४२ दिवस झाले होते, सगळं ठीक होतं, आणि अचानक स्टेंट गुठळीने बंद. चौघांत समान धागा एकच: प्लेटलेट्सविरोधी गोळ्या थोड्याच दिवसांपूर्वी थांबवल्या होत्या.

दुसरी हकिकत रेणू विरमाणी यांची. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजमधून शिकून अमेरिकेत गेलेल्या पॅथॉलॉजिस्ट. त्यांचं काम म्हणजे मृत्यूनंतर काढलेल्या हृदयांतले स्टेंट कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. त्यांच्याकडे ५८ वर्षांच्या एका माणसाचं हृदय आलं. दोन सायफर, बसवून १८ महिने झालेले. औषध केव्हाच संपलं होतं. पण स्टेंटच्या आजूबाजूला पॉलिमरचे सुटलेले तुकडे होते, त्यांना वेढून मोठमोठ्या भक्षक पेशी, आणि सगळीकडे इओसिनोफिल्स, म्हणजे ॲलर्जीत धावून येतात त्या पेशी. धमनी दाहाने फुगून स्टेंटपासून दूर गेली होती आणि मधल्या फटीत गुठळी. डुकरांवरच्या १९९६ च्या प्रयोगाची आठवण यावी असं दृश्य. फक्त हे माणसाचं होतं. लेखाच्या शीर्षकातच प्रश्न होता: आपण सावध व्हायला हवं का?

त्यांच्याच गटाने २००६ मध्ये शवविच्छेदनातले २३ औषधवाले स्टेंटचे रुग्ण साध्या स्टेंटच्या रुग्णांशी ताडून पाहिले. साध्या स्टेंटवर अस्तर जवळपास ९० टक्के भागावर चढलेलं. औषधवाल्यांवर निम्म्यापेक्षा थोडंच जास्त.

मग २००६ चा सप्टेंबर, बार्सिलोना. जागतिक हृदयरोग परिषदेत औषधवाल्या स्टेंटमुळे मृत्यू आणि मोठे हार्ट अटॅक वाढताहेत का, असं सुचवणारं विश्लेषण सादर झालं. एकच गदारोळ उडाला. नंतर आकडे पुन्हा तपासल्यावर एकूण मृत्यूंत फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर ते अर्धसत्य होईल. पण उशिरा होणाऱ्या गुठळीचा धोका खरा निघाला. बर्न आणि रॉटरडॅमच्या ८१४६ रुग्णांच्या पाहणीत तो वर्षाला ०.६ टक्के दिसला, आणि तीन वर्षं झाली तरी उताराचं चिन्ह नव्हतं.

०.६ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण या काळात जगात लाखो लोकांच्या छातीत असे स्टेंट होते, आणि ही गुठळी आली की बहुतेक वेळा मोठा हार्ट अटॅक घेऊनच येते. परत अरुंद झालेल्या धमनीत पेशंटला चालताना धाप लागते, छातीत दुखतं, तो दवाखान्यात येतो. गुठळी वेळ देत नाही. एक हळू येणारा, सहन होणारा आजार आपण जवळपास मिटवला आणि त्याच्या बदल्यात एक दुर्मीळ पण अचानक मारणारा धोका घेतला. हा सौदा रुग्णाला कोणी समजावून सांगितला होता का? २००३-०४ मध्ये तर तो नीटसा कोणाला माहीतच नव्हता.

डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सुनावणी घेतली आणि २००७ च्या जानेवारीत तिथल्या हृदयरोग संघटनांनी एकत्र सूचना काढली: औषधवाला स्टेंट असेल तर दोन गोळ्या १२ महिने. त्याआधी सायफरला तीन महिने आणि टॅक्ससला सहा महिने सांगत. तुमचं 'वर्षभर' हे असं आलं. ते अस्तर चढायला लागणाऱ्या उशिराचं आणि प्लास्टिकच्या भीतीचं वर्ष आहे.

आता या गोष्टीतलं माझं सगळ्यात आवडतं वळण.

२००६ नंतर सगळ्यांचा निष्कर्ष एकच होता, की गुन्हेगार पॉलिमर आहे, त्याला हाकला. काही कंपन्या विरघळणाऱ्या पॉलिमरकडे गेल्या, काही पॉलिमरशिवाय औषध चिकटवायला लागल्या. पण २००८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या 'झायन्स' स्टेंटने न विरघळणारं प्लास्टिकच ठेवलं, फक्त जात बदलली. फ्लोरिन असलेला पॉलिमर, पीव्हीडीएफच्या घराण्यातला. तुमच्या हातातल्या फोनच्या बॅटरीत इलेक्ट्रोडची पावडर धरून ठेवायला पीव्हीडीएफच वापरतात, आणि शस्त्रक्रियेच्या टाक्यांचे धागेही त्याचे होतात. थर ८ मायक्रॉनच्या आत. खालच्या तारा कोबाल्ट-क्रोमियमच्या, जाडी ८१ मायक्रॉन. सायफरच्या तारा १४० होत्या.

या फ्लोरिनवाल्या पृष्ठभागाची खोड अशी, की त्याला अल्ब्युमिन घट्ट धरून बसतं. आपली विरार लोकल आठवा. पहिल्या सीटवर बसलेला निरुपद्रवी माणूस उठतच नाही, त्यामुळे दांडग्या फायब्रिनोजेनला जागाच कमी मिळते, आणि प्लेटलेट्सना पकडायला हूक सापडत नाही.

२०११ मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीमधल्या एलाझर एडेलमन यांच्या गटाने प्रयोगशाळेतल्या नळ्यांत रक्त फिरवून आणि जनावरांवरही तपासलं. त्यांना दिसलं, की जाड तारांचा स्टेंट, बाकी सगळं सारखं असूनही, पातळ तारांपेक्षा दीडपट गुठळी धरतो. आणि दुसरं म्हणजे, सुरुवातीच्या दिवसांत पॉलिमर आणि औषधाचा लेप असलेला स्टेंट उघड्या धातूपेक्षा कमी गुठळी धरतो. म्हणजे ज्याच्यावर आरोप, तोच पहारेकरी. २०१२ मध्ये 'लॅन्सेट'ने अनेक चाचण्यांचं एकत्र विश्लेषण छापलं. त्यात हा फ्लोरोपॉलिमरवाला कोबाल्ट-क्रोमियम स्टेंट साध्या धातूच्या स्टेंटपेक्षाही कमी बंद पडलेला दिसला. ज्या गोष्टीची भीती घालून लोकांना साध्या स्टेंटकडे वळवलं होतं, तीच. आणि तो चॅपमन यांचा तांबड्या पेशीची नक्कल करणारा पॉलिमर? तो 'एन्डेव्हर' नावाच्या औषधवाल्या स्टेंटवर आला. त्यात उशिराच्या गुठळ्या कमी झाल्या, पण औषध फार लवकर सुटायचं म्हणून धमनी जरा जास्त आकसायची. एक धरलं की दुसरं सुटतं. सायफरचं उत्पादन मात्र २०११ अखेर थांबवलं गेलं.

म्हणून 'पॉलिमर चांगला की वाईट' हा प्रश्नच मला फोल वाटतो. कुठला, किती जाड, कशावर, तुटतो का, आणि त्याच्यावर पहिला कोण बसतो, हे विचारायचं. व्हान डर गीसन यांची डुकरं खोटं बोलली नव्हती. ती त्या आठ पॉलिमरविषयी बोलली होती.

थोडं आपल्याकडे येऊ. माझ्या मावशीच्या यजमानांना स्टेंट बसलाय. त्याचं कार्ड ते पाकिटात गणपतीच्या फोटोमागे ठेवतात. मी एकदा मागून घेऊन वाचलं. कंपनीचं नाव, लांबी, व्यास, बॅच नंबर, तारीख. औषधाचं नाव बारीक अक्षरात. लेप कशाचा, याबद्दल चकार शब्द नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "अरे, तो औषधवाला आहे, भारीतला." भारतात १३ फेब्रुवारी २०१७ ला स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली तेव्हाही फक्त दोन खाने केले गेले: साधा धातूचा ७,२६० रुपये, औषधवाला २९,६०० रुपये. त्याआधी पेशंटच्या बिलात हाच औषधवाला लाखाच्या वर जायचा, त्यामुळे निर्णय गरजेचा होता असंच माझं मत आहे. पण दुसऱ्या खान्यात टिकणारा पॉलिमर, विरघळणारा पॉलिमर, अख्खाच विरघळणारा स्टेंट, सगळे एकाच भावात. बिल बघून तुम्हाला कळणार नाही की आत कसली कल्हई आहे. विचारावं लागतं.

याच काळात सुरतेत काय चाललं होतं तेही सांगतो. तिथली सहजानंद ही कंपनी मुळात हिरे कापायची लेझर यंत्रं बनवणारी. लेझरने बारीक काम करता येतं म्हटल्यावर ते स्टेंट कापण्याकडे वळले. त्यांचा 'सुप्राफ्लेक्स' हा स्टेंट ६० मायक्रॉनच्या तारांचा, वर विरघळणारा पॉलिमर आणि तेच आपलं सिरोलिमस. तो युरोपातल्या २३ रुग्णालयांत १४३५ रुग्णांवर थेट झायन्सशी भिडवला गेला. चाचणीचं नाव 'टॅलेंट', २०१९ ला 'लॅन्सेट'मध्ये आली, आणि लिहिणाऱ्यांत दिल्लीचे उपेंद्र कौल होते, शिवाय आपले पॅट्रिक सेरॉइस, १९९१ च्या त्या अहवालाचे. निकाल: वर्षभरात सुरतेचा स्टेंट झायन्सपेक्षा कमी पडला नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे, एक गोळी बंद केली तर? संशोधक स्वतःच तो कालावधी खाली आणताहेत. ज्यांना रक्तस्रावाचा धोका मोठा आहे, म्हणजे वय जास्त, किडनी कमजोर, आधी पोटातून रक्त गेलेलं, अशांसाठी एक महिना पुरतो का हे तपासलं गेलं. २०१५ मध्ये पॉलिमर अजिबात नसलेला औषधवाला स्टेंट साध्या धातूच्या स्टेंटशी ताडला, दोन्हींना एकच महिना दोन गोळ्या, आणि पॉलिमर नसलेला जिंकला. सगळ्यांना वाटलं, बघा, प्लास्टिक काढलं की सुटलो. मग २०२० मध्ये 'ऑनिक्स वन' चाचणीत त्याच पॉलिमर नसलेल्या स्टेंटसमोर टिकाऊ पॉलिमरचा नवा स्टेंट उभा केला. सुमारे दोन हजार रुग्ण, सगळ्यांना रक्तस्रावाचा धोका, सगळ्यांना दोन गोळ्या एकच महिना, पुढे एकच गोळी. वर्षाअखेर हृदयामुळे मृत्यू, हार्ट अटॅक किंवा स्टेंटमध्ये गुठळी झालेले: पॉलिमरवाले १७.१ टक्के, बिनपॉलिमरवाले १६.९ टक्के. बरोबरी.

हे आकडे निवडक रुग्णांचे आहेत. अटॅक येऊन स्टेंट बसलेल्या तुमच्या बाबांचं गणित वेगळं असू शकतं, त्यांच्या डॉक्टरांकडे ते आहे. पुढच्या वेळी कार्ड घेऊन जा आणि लेपाचंही विचारा.

पुढच्या भागात तिरुवनंतपुरमला जाऊ. हृदयाची कृत्रिम झडप भारतात बनवायला किती वर्षं लागली, आणि त्यातले किती प्रयत्न फसले, त्याची गोष्ट. भेटू.